घरावर किरणोत्सारी धूळ बसली तर छप्पर-अंगण साफ कसं करायचं? जपानच्या गावांनी केलं ते वाचा

पालघर (वार्ताहर) : तारापूरच्या आसपासच्या गावांना अणुकेंद्राच्या आपत्कालीन सरावाची सवय आहे. गाडी येते, भोंगा वाजतो, साहेब लोक सांगतात की घरात जा, दारं-खिडक्या लावा, सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नका. केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि सोळा किलोमीटरच्या आतली गावं आपत्कालीन नियोजनात धरलेली आहेत, त्यामुळे हे ऐकतच आम्ही मोठे झालो. मागे अशाच एका माहितीच्या बैठकीत आमच्या आळीतल्या काकींनी हात वर करून विचारलं, "साहेब, घरात बसू, तुम्ही न्याल तिथे जाऊ. पण परत आल्यावर अंगण कोण झाडणार? आणि झाडलेलं टाकायचं कुठं?" लोक हसले. साहेबही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. माझी दीड एकर भातशेती आहे, कौलारू घर आहे, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी खरोखर शोधलं त्यांच्याबद्दल वाचत गेलो. ती माणसं आपल्यासारखीच शेतकरी, जपानच्या फुकुशिमा जिल्ह्यातली. घाबरवायला हे लिहीत नाही. तारापूरला काही झालंय असंही नाही. उगाच फॉरवर्ड करताना अर्धंच वाचून पुढे पाठवू नका, ही आधीच विनंती.

नक्की पडतं काय?

११ मार्च २०११ ला जपानमध्ये ९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. समुद्राकाठच्या फुकुशिमा दाइची केंद्राची वीज गेली, पंप बंद पडले आणि तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. हवेत जे गेलं ते वाऱ्यासोबत फिरलं. १५ मार्चला वारा वायव्येकडे होता, त्यात पाऊस आणि बर्फ पडला, आणि हवेतलं सगळं खाली बसलं. इताते नावाचं डोंगरातलं गाव केंद्रापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, सुरुवातीला खाली करायच्या वीस किलोमीटरच्या पट्ट्याच्या बाहेर. तरी तिथे जवळच्या कित्येक गावांपेक्षा जास्त पडलं. अंतरापेक्षा त्या दिवशीचा वारा आणि पाऊस महत्त्वाचा ठरला.

जे पडलं त्यात मुख्य तीन पदार्थ. एक किरणोत्सारी आयोडीन, ते आठ दिवसांत निम्मं होतं, दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. दुसरं सीझियम-१३४, ते दोन वर्षांत निम्मं. तिसरं सीझियम-१३७, त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. घर-अंगण साफ करायचं म्हणजे या सीझियमच्या मागे लागायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. किरणोत्सार साबणाने मरत नाही, उकळून मरत नाही, फिनाइलने मरत नाही. तो जंतू नाही. साफ करणं म्हणजे ती धूळ माणसाच्या वावरापासून उचलून दुसरीकडे नेणं किंवा मातीखाली पुरणं, बस्स. तिसरा मार्ग वाट पाहण्याचा. म्हणून आयोडीनच्या दिवसांत झाडू हातात घ्यायचाच नाही. त्या दिवसांत घरात बसायचं, विहिरीवर आणि हौदावर झाकण टाकायचं, गुरांना उघड्यावरचा चारा घालायचा नाही आणि प्रशासन सांगेल ते करायचं. साफसफाई ही नंतरची गोष्ट आणि तीसुद्धा मोजणी झाल्यावर. डोळ्याला, नाकाला यातलं काही कळत नाही. यंत्र नसताना साफ करणं म्हणजे अंधारात काटा शोधणं.

जपानने घराजवळच्या हवेसाठी तासाला ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा धरला. त्याचं गणित असं की माणूस दिवसाचे आठ तास बाहेर आणि सोळा तास घरात राहिला तर वर्षाला नेहमीपेक्षा एक मिलिसिव्हर्ट जास्तीचा बसेल. याच्या वर असेल तिथे साफसफाईचा कार्यक्रम. शेतकरी माणूस आठ तासच बाहेर असतो का, हा माझा प्रश्न आहे, पण आकडा तो आहे.

वरून खाली या

मोजणी केल्यावर लक्षात आलं की धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. पावसाचं पाणी जिथे जमतं तिथे ती जमते. छपराची पन्हळ, पन्हळीचं पाणी जिथे खाली पडतं ती जागा, वळचणीखाली पागोळ्यांनी जमिनीवर पडलेली रेघ, गटारातला गाळ, शेवाळ, झाडाखालचा पाचोळा. एकाच घरात ओटीवर आकडा कमी आणि पन्हळीच्या तोंडाखाली त्याच्या कितीतरी पट, असं व्हायचं. म्हणून आधी या जागा शोधून तिथलं काढलं की कमी कष्टात जास्त फरक पडतो.

क्रम वरून खाली. आधी घरावर आलेल्या फांद्या, मग छप्पर, मग पन्हळ, मग भिंत, शेवटी अंगण. उलट केलं तर साफ केलेल्या अंगणात छपरावरची धूळ परत येते.

पहिलं काम पाणी न वापरता. पाचोळा, शेवाळ, पन्हळीतला गाळ हाताने किंवा खुरप्याने काढून थेट पिशवीत. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते आणि नाकात जाते. आधी हलकं पाणी शिंपडायचं, नुसतं ओलं होईल इतकं.

मग छप्पर. जपानी लोकांनी ओल्या जाड कागदाने किंवा फडक्याने पुसून घेतलं. त्यात त्यांचा एक नियम मला फार आवडला. फडक्याची एक घडी एकदाच वापरायची. पुसलं की घडी उलटायची, नवी बाजू घ्यायची, सगळ्या बाजू झाल्या की फडकं पिशवीत. आपण बादलीत पिळून तेच फडकं परत फिरवतो, त्याने घाण फक्त पसरते.

रंगवलेला, गुळगुळीत पत्रा असेल तर बरंच निघतं. गंजलेला पत्रा, सिमेंटचा पत्रा, न चकाकणारं मातीचं कौल यातून कमी निघतं, कारण सीझियम बारीक छिद्रांत जाऊन चिकटतं. आमच्याकडची कौलं याच जातीची. तिथे ब्रशने घासूनही बरंच उरलं, तर कौलं बदलण्याचा विचार करावा लागतो. आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका, पाय आत जातो. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारताना आपल्याकडे माणसं पडतात, त्याला किरणोत्सर्ग लागत नाही.

आता प्रेशर पंपाबद्दल. गाडी धुतात तो जोरदार पाण्याचा पंप जपानमध्ये सुरुवातीला सगळ्यांनी वापरला. सिमेंटच्या ओट्यावर, रस्त्यावर त्याचा उपयोग झाला. पण धुतलेलं पाणी गेलं कुठे? गटारात, गटारातून शेजाऱ्याच्या शेतात, ओढ्यात. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी उघड केलं की काही ठेकेदारांची माणसं काढलेला पाचोळा आणि धुतलेलं पाणी सरळ नदी-ओढ्यात टाकत होती. मोठा गोंधळ झाला. ठेकेदार इथून तिथून सारखेच, असं मी म्हणणार नाही, पण वाचताना ओळखीचं वाटलं एवढं खरं. नंतर पाणी अडवून, गोळा करून, गाळ बसवून मगच सोडायचं असे नियम कडक केले. पंप वापरायचाच तर आधी पाण्याची वाट बांधा, आपण भाताला बांध घालतो तशी.

सिमेंटच्या ओट्यावर धुऊन निघालं नाही तर वरचा पातळ थर यंत्राने खरवडतात. ते घरच्या घरी करायचं काम नाही, त्याची धूळ भयंकर.

अंगण आणि माती : खरा खेळ पाच सेंटिमीटरचा

सीझियमची एक खोड आपल्या उपयोगाची आहे. ते मातीतल्या बारीक चिकणमातीच्या कणांना इतकं घट्ट धरतं की पावसानेही फारसं खाली जात नाही. न नांगरलेल्या जमिनीत बहुतेक सगळं वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये, म्हणजे चार बोटांपेक्षा कमी जाडीत, राहतं. म्हणून धूळ बसलेली जमीन नांगरायची घाई करायची नाही. एकदा नांगर फिरला की वरचं सगळं खाली मिसळतं आणि मग पाच ऐवजी पंधरा-वीस सेंटिमीटर माती काढावी लागते.

जपानच्या कृषी मंत्रालयाने २०११ मध्येच प्रयोग करून पाहिले. वरची चार सेंटिमीटर माती खरवडली तर सीझियम ७५ टक्के कमी झालं. गवताची मुळं धरलेली जमीन असेल तर गवताची ती चटईच मातीसकट गुंडाळून काढली, तेव्हा ९७ टक्के कमी. सूर्यफूल लावून माती शुद्ध होते असं तेव्हा खूप पसरलं होतं, लोकांनी शेतंच्या शेतं पिवळी केली. मोजल्यावर दिसलं की सूर्यफुलाने जमिनीतल्या सीझियमचा सुमारे दोन हजारावा भाग उचलला. दिसायला छान, उपयोग शून्य.

इतातेच्या शेतकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता टोकियो विद्यापीठाच्या प्राध्यापकाला सोबत घेऊन स्वतःच्या खाचरात प्रयोग केले, ते मला सर्वांत जास्त भावले. जानेवारी २०१२ ची थंडी, जमीन वरून पाचेक सेंटिमीटर गोठलेली. शेतकऱ्याच्या लक्षात आलं की सीझियमही तेवढ्याच थरात आहे. त्यांनी गोठलेला थर लादीसारखा उचलून काढला. आपल्याकडे माती गोठत नाही, त्यामुळे हा उपाय आपला नाही.

दुसरा मात्र आपला आहे. त्यांनी खाचरात पाणी भरलं आणि हाताने ढकलायच्या भाताच्या कोळप्याने वरच्या वर चिखलणी केली. वाळूचे जड कण लगेच खाली बसले, सीझियम धरलेली बारीक माती गढूळ पाण्यात तरंगत राहिली. ते गढूळ पाणी फळीच्या ब्रशने लोटत खाचराच्या कडेला खणलेल्या चरात सोडलं. पाणी जमिनीत मुरलं, गाळ चरात राहिला, वर चांगली माती टाकून चर बुजवला. माती हीच गाळणी झाली. जपानी पद्धतीची भातलागवड आपल्याकडे आजोबांच्या काळापासून आहे, त्यामुळे हे वाचताना मला चित्र डोळ्यासमोर दिसत होतं.

पुरण्याबद्दल शंका येईल की पुरलं तर किरणं वर येणार नाहीत का? तीस सेंटिमीटर स्वच्छ माती वर टाकली तर सुमारे ९८ टक्के किरणं अडतात, अर्धा मीटर टाकली तर जवळजवळ सगळीच. म्हणून कित्येक शाळांच्या मैदानांत आणि अंगणांत वरची माती आणि खालची माती यांची अदलाबदल केली. आधी वरचा थर बाजूला, मग खालची स्वच्छ माती काढून वेगळा ढीग, मग खड्ड्यात आधी घाण माती आणि तिच्यावर स्वच्छ. काही बाहेर न्यायला नको. फक्त कुठे पुरलं याचा नकाशा आणि नोंद ठेवायची, नाहीतर दहा वर्षांनी कोणी तरी तिथेच बोअरवेल किंवा शौचखड्डा खणायचा.

आमच्या सारवलेल्या अंगणाचं काय, हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. माझा स्वतःचा अंदाज असा की चोपलेली जमीन आणि सारवणाचा थर असल्याने धूळ वरच अडकेल, आणि ओलं करून तो थर खुरप्याने काढला तर मोकळ्या मातीपेक्षा काम सोपं जाईल. हा अंदाज आहे, प्रयोग नाही. मात्र शेणाने सारवलं की किरणोत्सर्ग लागत नाही असे जे मेसेज फिरतात ते खोटे आहेत. धूळ बसल्यावर वरून सारवलं तर ती फक्त अंगणात पक्की होईल.

शेतात उरलेलं थोडं सीझियम भातात येऊ नये म्हणून जपानने पोटॅश वापरलं. झाडाला सीझियम आणि पोटॅश यातला फरक नीट कळत नाही, जमिनीत पोटॅश भरपूर असेल तर ते सीझियम कमी उचलतं. २०१२ पासून फुकुशिमा जिल्ह्यातली भाताची प्रत्येक गोणी यंत्राखालून जायची, वर्षाला सुमारे एक कोटी गोण्या.

जाळू नका

हा मुद्दा आपल्या भागासाठी मुद्दाम वेगळा लिहितो. गोळा केलेला पाचोळा, फांद्या, गवत पेटवायचं नाही. सीझियम जळून नाहीसं होत नाही. काही धुरासोबत उडतं आणि बाकीचं राखेत राहतं, म्हणजे टोपलीभर पाचोळ्यातलं मूठभर राखेत येतं. आपण भाताच्या रोपासाठी राब भाजतो, म्हणजे पाला, शेण, गवत जाळून राख तिथेच जमिनीत. अशा वर्षी राब भाजला तर रोपांच्या जागेवरच सगळं एकवटेल. चुलीतली राख भांडी घासायला, झाडांना घालायला वापरतो, तीही नाही. पाचोळ्याचं खतही नाही. जपानने २०११ च्या उन्हाळ्यात अशा पाचोळ्याच्या आणि शेणाच्या खताचा वापर थांबवायला सांगितलं होतं.

काम करणाऱ्यानं मास्क, हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. काम चालू असताना तंबाखू मळायची नाही, बिडी नाही, चहासुद्धा हातपाय धुऊन मगच. बाहेर पडणारं किरण थोडं असेल, पण तोंडावाटे पोटात गेलेली धूळ आत बसून राहते. काम संपलं की कपडे दाराबाहेर काढायचे, अंघोळ, केस धुणं. लहान मुलं आणि गरोदर बायांना या कामाला लावायचं नाही.

आणखी एक, ज्याची शक्यता आपल्याकडे अणुकेंद्रापेक्षा जास्त आहे. भंगार. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातल्या यंत्राचा भाग भंगारात गेला. आतली सीझियमची निळी चमकणारी पूड लोकांनी हौसेने घरी नेली. चार जण मेले, घरं पाडावी लागली, अंगणांची माती काढावी लागली. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये एका प्रयोगशाळेतलं कोबाल्टचं जुनं यंत्र फोडलं गेलं, एक माणूस गेला. जड शिशाचं डबडं, त्यावर पिवळ्यावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली तर फोडू नका, हात लावू नका, लांब व्हा आणि ११२ ला किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला कळवा. हे आपल्या भंगारवाल्या भावांना दाखवा.

झाडलेलं टाकायचं कुठं?

आता काकींचा दुसरा प्रश्न. इतकं सगळं करून जपानमध्ये घरांच्या आवारातला आकडा साधारण निम्म्याहून थोडा जास्त खाली आला, त्यातही काही वाटा आपोआप क्षय होण्याचा. जंगलात फार कमी फरक पडला, म्हणून त्यांनी घराभोवतीच्या वीस मीटरच्या झाडीतला पाचोळाच काढला, डोंगर तसेच सोडले. इतातेच्या बहुतेक भागात लोकांना परत राहायची परवानगी ३१ मार्च २०१७ ला मिळाली. सहा वर्षं. तोवर मुलांच्या शाळा बदलल्या होत्या, परत आले ते जास्त करून म्हातारे.

काढलेली माती मोठ्या काळ्या पिशव्यांत भरली, एक पिशवी सुमारे एक घनमीटरची. वर्षानुवर्षं त्या पिशव्यांच्या थप्प्या लोकांच्या भातखाचरांत उभ्या होत्या. मग ओकुमा आणि फुताबा या दोन गावांची सुमारे सोळाशे हेक्टर, म्हणजे चार हजार एकर जागा साठवणीसाठी घेतली आणि सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती तिकडे नेली. कायद्यात लिहिलंय की मार्च २०४५ पर्यंत ती जिल्ह्याबाहेर न्यायची. कोणता जिल्हा घेणार? कमी किरणोत्साराची माती बांधकामात वापरू म्हणून सरकारने सांगितलं तर गावोगाव विरोध झाला. शेवटी जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या बागेतच थोडी माती टाकून वर चांगली माती पसरली, लोकांना दाखवायला की भीती नाही.

मी घरी बसून हिशेब केला. काकींचं अंगण-परसू दोन गुंठे. पाच सेंटिमीटर माती काढली तर दहा घनमीटर, म्हणजे दहा काळ्या पिशव्या. आमच्या गावात तीनशेच्या आसपास घरं, सगळ्यांची अंगणं साधारण तेवढीच धरली तरी तीन हजार पिशव्या, शेत आणि शाळेचं मैदान न धरता. एकावर एक दोन थर रचले तरी दीड हजार चौरस मीटर, पंधरा गुंठे जागा लागेल. गायरान शिल्लक आहे तेवढं, पण त्याच्या खालच्या अंगाला गावाची विहीर आहे.

हा कागद मी ग्रामपंचायतीत दिला आहे. पुढच्या वेळी सरावाची गाडी आली की काकी पुन्हा हात वर करणार आहेत, आणि या वेळी आकड्यासकट.